ट्रंकेतला किल्ला

दिवाळीला आठवडा उरला की महाराष्ट्रात घरोघर एक बांधकाम निघते. त्याला ना परवानगी लागते, ना कंत्राटदार. चार फुटक्या विटा, दोन पाट्या माती, धान्याचे एक रिकामे पोते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची ‘अंगण घाण करू नका रे’ ही नेहमीची तक्रार, एवढ्या भांडवलावर रायगड उभा राहतो. विटांवर पोते टाकून चिखल थापला की सह्याद्रीचा कडा झाला. चिखलात हळीव पेरले की दोन-तीन दिवसांत कड्यावर रान माजले. मग कुंभाराकडून आणलेली मंडळी गडावर चढतात. सिंहासनावर महाराज, दारात भालदार, बुरुजावर तोफ, पायथ्याशी पाणी भरणारी बाई, दुकान मांडून बसलेला वाणी आणि गुहेत वाघ.

या किल्ल्यावर सगळे असते. एक प्रमाण तेवढे नसते. वाणी बुरुजाहून उंच असतो. वाघाने उभे राहायचे मनात आणले तर महादरवाजा त्याच्या पोटाखालून जाईल. गेल्या वर्षी हात गमावलेला मातीचा मावळा आणि यंदा बाजारातून आलेला प्लास्टिकचा बंदूकवाला एकाच पहाऱ्यावर उभे असतात, आणि दोघांच्या मध्ये तीनशे वर्षे आहेत याचे दोघांनाही काही वाटत नाही. किल्ला करणाऱ्यांना तर मुळीच नाही.

बहुतेकांचा हा किल्ला मिसरूड फुटण्याच्या सुमारास धाकट्या भावाकडे जातो. पण काहींच्या हातून तो सुटतच नाही. चाळिशी उलटली तरी ते बोटभर उंचीचे शिपाई घडवतात, रंगवतात, टेबलावर डोंगर नि नद्या मांडून जुन्या लढाया पुन्हा लढतात. अशा गृहस्थाला घरात काय म्हणतात ते मी सांगायला नको. आज या सदरात विषय आहे तो त्यांच्यातल्याही एका निराळ्या जातीचा. लहानपणीची किल्ल्याची हौस ज्याच्या अंगात राहिली आहे, आणि जो आता स्वतःच शिपाई होऊन घरापासून हजार मैलांवर उभा आहे, त्याने या हौसेचे करावे काय?

हा प्रश्न शिरवळकडे बघून सुचावा यात नवल नाही. पुण्याहून साताऱ्याला निघालात की नीरा ओलांडताच पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्ह्याचे शिरवळ लागते. आता महामार्गावरून जाणाऱ्याला तिथे दिसतात ते कारखाने आणि ट्रक. पण हा मुलूख फार जुना शिपाईगिरीचा. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली तीही साताऱ्यातच. अशा जिल्ह्यात पुष्कळ घरांतून दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला एक पाट रिकामा राहतो. १९१५ ची दिवाळी पुणे डिव्हिजनच्या मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात तैग्रिसच्या काठी काढली, आणि डिसेंबरात त्या कूतच्या वेढ्यात सापडल्या. आजची दिवाळी कुणी लडाखात काढतो, कुणी बाडमेरकडे, कुणी अरुणाचलात.

घरातल्या लहान मुलालाही त्याचा पत्ता पाठ असतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ ए.पी.ओ. या पत्त्याची एक गंमत आहे. त्यावर टाकलेले पत्र माणसाला बिनचूक पोचते. पण माणूस कुठे आहे ते पत्त्यावरून कळत नाही. पाकिटावर डोंगर नाही, नदी नाही, गावाचे नाव नाही. मुलाच्या लेखी बाप छप्पन नंबरच्या कुठल्या तरी घरात राहतो.

आता एक शंका निघेल. ज्याच्या खांद्यावर खरी रायफल आहे त्याला मातीच्या तोफेचे काय कौतुक? हलवाई का घरी येऊन जिलबी खातो? शंका चांगली आहे, पण अनुभव उलटा आहे. या खेळाच्या इतिहासात शिपाईच वारंवार भेटतात, आणि त्यांतला सर्वांत लोभस शिपाई तर एका कादंबरीत आहे. लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ १७५९ पासून १७६७ पर्यंत नऊ भागांत निघाली. तीत टोबीकाका म्हणून एक निवृत्त कप्तान आहेत. १६९५ च्या नामूरच्या वेढ्यात त्यांना जबर जखम झाली. बिछान्यावर पडले असता भेटायला येणारे विचारत, ‘जखम झाली कुठे?’ टोबीकाका सांगू लागत. पण खंदक, तट, बुरूज, त्यांची टोके नि कोन यांच्या गुंतागुंतीत ते स्वतःच अडकत, ऐकणाराही अडके, आणि जखम तेवढी ठणके. शेवटी त्यांनी नामूरचा नकाशा मागवला. नकाशा अपुरा वाटू लागला तेव्हा ट्रिम नावाच्या आपल्या इमानी सेवकाला घेऊन ते खेड्यात गेले आणि घरामागच्या हिरवळीवर त्यांनी किल्लाच बांधायला घेतला. तिकडे फ्लँडर्समध्ये मार्लबरोने एखादे शहर वेढले की इकडे हिरवळीवर त्याच शहराला वेढा पडे. ट्रिमने घराण्यातल्या जुन्या गुडघाबुटांच्या दोन उखळी तोफा केल्या, आणि खिडक्यांची शिशाची वजने काढून त्यांच्याही तोफा ओतल्या. पुढे त्यांतली एक खिडकी भलत्या वेळी कोसळली. पण ते प्रकरण स्टर्नच्याच तोंडून ऐकावे.

स्टर्नने यात एक मर्माची गोष्ट सांगून ठेवली आहे. टोबीकाकांचा किल्ला खेळण्याच्या हौसेतून निघालेला नाही. जे घडले ते तोंडाने सांगता येईना, म्हणून निघाला. रजेवर आलेल्या जवानाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पारावर मंडळी जमतात, ‘काय, कसं काय तिकडं?’ म्हणून विचारतात, आणि तो म्हणतो, ‘बरं आहे.’ त्या ‘बरं आहे’च्या पोटात किती काय असते! ते सांगायला भाषा पुरत नाही, आणि पुष्कळसे सांगायची परवानगीही नसते. मग हात काही तरी करू पाहतात.

इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स शिपाई नव्हता, पण टेबलावरच्या, किंवा खरे म्हणजे जमिनीवरच्या, या लढायांना नियमांत बांधले ते त्याने. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. शिशाचे पोकळ शिपाई आणि स्प्रिंगने लाकडाचा इंचभर तुकडा फेकणारी तोफ हा त्याचा सारा दारूगोळा. याच पुस्तकात त्याने, ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांना एका मोठ्या खोलीत कोंडून असा खेळ द्यावा, म्हणजे बाकीच्या जगाला सुखाने नांदता येईल, अशा अर्थाचे लिहिले आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. सल्ला कुणी ऐकला नाही. डोनाल्ड फेदरस्टोनने मात्र दुसरे महायुद्ध रणगाड्यांच्या दळात प्रत्यक्ष पाहिले होते. त्याच माणसाने १९६२ साली ‘वॉर गेम्स’ लिहून आपल्या पिढीला हा छंद लावला. युद्ध पाहिलेल्या माणसाला खेळातले युद्ध नकोसे व्हावे, असे आपल्याला वाटते. त्याला तसे झाले नाही.

आणि सैन्याने या खेळाला कधी पोरकट मानले आहे असेही नाही. प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली आपल्या राजाला एक टेबल करून दिले. त्यावर डोंगर, नदी, गावे यांचे तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी मांडता येई. त्याच्या मुलाने, तो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली या खेळाला नकाशा नि नियम दिले, आणि सेनापतींनी तो उचलून साऱ्या सैन्याला शिकवला. आपल्या पलटणीतही त्याचा एक भाऊबंद रोज भेटतो. त्याला ‘सँड मॉडेल’ म्हणतात. जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन आखायचा, माती-वाळूचे डोंगर उठवायचे, निळ्या भुकटीची नदी, फांद्यांचे रान, उत्तरेचा बाण, आपली माणसे निळी, शत्रूची लाल. भोवती जवान बसतात आणि अधिकारी काठीने दाखवत सांगतो, अमुक टोळीने इथून चढायचे, तमुक टोळीने तिथून पाठबळ द्यायचे. शिरवळच्या अंगणात लहानपणी पोत्यावर चिखल थापलेल्या मुलाला हे काम कुणी शिकवावे लागत असेल, असे मला वाटत नाही.

पण त्या दोन किल्ल्यांत एक मोठा फरक आहे. सँड मॉडेल काम झाले की पायाने पुसायचे असते. तिथला डोंगर खरा असतो, म्हणून तो गुप्त असतो. जवानाला स्वतःची चौकी हौसेने मांडता येत नाही, तिचे चित्र घरी धाडता येत नाही, मुलाला ‘मी इथे उभा असतो’ म्हणून बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणूनच त्याला रायगड लागतो, सिंहगड लागतो. ज्या किल्ल्याचे गुपित साडेतीनशे वर्षांपूर्वीच फुटले आहे, तोच त्याला निर्धास्तपणे बांधता येतो. १६७० सालच्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे द्रोणागिरीच्या कड्याने चढले. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तेव्हा तो कडा ट्रंकेवर उभा केला तर कुणाची हरकत नाही.

ट्रंकेवर म्हणालो ते मुद्दाम. जवानाचे घर म्हणजे त्याची काळी लोखंडी ट्रंक. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव नि नंबर. कपडे, कागदपत्रे, फोटो, देवाची तसबीर, सारा संसार त्यात बसवायचा. बदलीचा हुकूम आला की ट्रंक उचलून चालू लागायचे. आता या संसारात छंदाला जागा किती? हात घालून मोजा. एका बिस्किटाच्या डब्याएवढी.

इथे छंदांचे दोन कुळी भेद ध्यानात घ्यावे लागतात. एक जमवण्याचा छंद आणि दुसरा मांडण्याचा. विलायती शौकीन मूळचा जमवणारा. त्याच्याकडे पलटणीच्या पलटणी कपाटात उभ्या असतात, प्रत्येकीचा गणवेश बटणापर्यंत अचूक, आणि मोलकरणीला त्या खोलीत मज्जाव. हा छंद घर असलेल्या माणसाचा आहे. वेल्सला खोलीभर जमीन हवी होती, टोबीकाकांना हिरवळ. दर दोन-तीन वर्षांनी मुक्काम हलवणाऱ्याने हा नाद धरला तर पहिल्या बदलीत त्याचे निम्मे सैन्य जायबंदी होईल आणि दुसऱ्या बदलीत तो शपथ घेऊन छंद सोडेल.

आपला दिवाळीचा किल्ला दुसऱ्या कुळातला. तो मुळी मोडण्यासाठीच बांधलेला असतो. तुळशीचे लग्न लागेपर्यंत त्याची माती ढासळू लागते; मग विटा परसात जातात, माती झाडांना जाते, पोते वाळून पुन्हा कोनाड्यात. शिल्लक राहतात ते फक्त मावळे. त्यांना गवतात गुंडाळून खोक्यात ठेवतात आणि खोके माळ्यावर. पुढच्या वर्षी गड नवा, जागा नवी, कदाचित घरही नवे, शिबंदी तीच. पाहा, हा शिपायाच्या आयुष्याचाच आराखडा झाला. डोंगर प्रत्येक ठिकाणी नवा मिळतो, तो वाहून न्यावा लागत नाही. न्यायची ती माणसे. म्हणून माझे म्हणणे असे की, मुलखाबाहेर निघालेल्या माणसाने छंद न्यावा तो मांडण्याचा. जमवण्याचा छंद घरी ठेवून जावा.

एवढे ठरले की बाकीचे हाताच्या कसबाचे काम. शिपाई पंचवीस पुरेत. दहा मावळे, दहा समोरचे, चार घोडेस्वार आणि एक तोफ. उंची बोटाच्या एका पेराहून जास्त नको. एअरफिक्स नावाच्या इंग्रज कंपनीने १९५९ पासून इंचाहूनही लहान प्लास्टिकचे शिपाई काढले, तेव्हा पेराएवढ्या मूर्तीतही नाक-डोळे उमटतात हे सिद्ध झालेले आहे. कापसात गुंडाळले तर काड्यापेटीत असे सहा बसतात. पाच काड्यापेट्यांत सारी फौज, आणि बिस्किटाच्या डब्यात पाचही पेट्या. ट्रंकेचे झाकण मिटले की तेच टेबल. त्यावर खडूने नदी काढावी, घडी घातलेली घोंगडी टाकली की डोंगर झाला, टमरेल उपडे घातले की बुरूज.

शिपाई कशाचे करावेत ते मुलूख पाहून ठरवावे. माती सगळीकडे आहे, पण सगळीकडची माती शिरवळची नव्हे. लडाखात ओल्या मूर्तीतले पाणी रात्री गोठते, बर्फ फुगते आणि सकाळी मावळ्याच्या छातीला चीर गेलेली असते. पाण्यात कालवलेले रंगही गोठतात. तिथे लाकूड बरे. लेहच्या बाजूला पॉपलर नि विलोची झाडे आहेत, त्यांच्या वाळक्या फांदीवर चाकू चांगला चालतो. आणखी वर, जिथे उघड्या बोटाने धातूला हात लावणेही धोक्याचे, तिथे हा छंद कागदावर आणावा. पेन गोठते, पण शिसपेन्सिल गोठत नाही. वहीत किल्ल्याचा आराखडा काढत बसावे. बांधकाम खाली उतरल्यावर. बाडमेरकडे उलटा प्रकार. ऊन नि वारा मूर्तीला बाहेरून झपाट्याने वाळवतात, आतून ती ओलीच राहते, मग तडकते. ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळवली तर टिकते. मेणाच्या नादी तिथे लागू नये. दुपारपर्यंत घोडेस्वार घोड्यात विरघळलेला असेल. आसाम-अरुणाचलात पावसाळ्यात काही वाळतच नाही, आणि मिठाविना कणकेचे केलेले शिपाई चार दिवसांत बुरशीने हिरवे होतात. पण तिथे बांबू आहे, आणि बांबूच्या कामटीतून भालाईत काढणे यासारखे सोपे काम नाही.

रंगांसाठी शहरात जायला नको. हळद, कुंकू, चुना, काजळी आणि विटेची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवली की मराठेशाहीचे सगळे रंग झाले. घोड्यासाठी तर सरकारी सोय आहे. तपकिरी बूट-पॉलिशइतका अस्सल घोड्याचा रंग दुसरा नाही, आणि फडक्याने घासला की तुकतुकीही येते. काळ्या पॉलिशमध्ये तोफ होते. पलटणीत सुतार असतो, शिंपी असतो. त्यांच्याशी गोडी ठेवली की निशाणाला भगवी चिंधी आणि बुरुजाला फळीचा तुकडा मिळून जातो. वेळ म्हणाल तर तो मोकळा तासच. पहाऱ्यावर असताना मावळ्यांचा विचार मनातसुद्धा आणू नये.

प्रेक्षकांची तर वाणच नाही. मराठा पलटणीत असा किल्ला मांडायला घ्या, अर्ध्या घटकेत चार डोकी भोवती जमतात. एकाचे म्हणणे, दरवाजा तिकडे नव्हे, इकडे. दुसरा लहानपणी सिंहगडावर गेला होता, तो साक्ष काढतो. तिसरा पन्हाळ्याकडचा, त्याला सिंहगडच पसंत नाही. पाहता पाहता प्रत्येक जण आपापल्या अंगणात जाऊन पोचतो. ‘घरची आठवण येते’ हे वाक्य कुणीच उच्चारत नाही. त्याची गरजही पडत नाही.

आता दुसरे टोक. शिरवळच्या अंगणातला मुलगा. त्यालाही किल्ला करायचा आहे आणि विटा उचलून देणारा बाप नाही. आई म्हणते, ‘यंदा लहानसाच कर.’ हे ‘लहानसाच’ मुलाला कळते, आणि आईलाही कळते की त्याला कळले आहे. अशा घरांसाठी मला एक सुचवायचे आहे. किल्ला एकट्याने करू नका, टपालाने करा. टपालाने बुद्धिबळ खेळणारे लोक आहेत, मग टपालाने वेढा का घालू नये? तट मुलाच्या ताब्यात, वेढा बापाच्या. बाप लिहितो, ‘माझे दहा लोक नदीच्या बाजूने येत आहेत, तू काय करणार?’ मुलगा उत्तर धाडतो. आजोबांनी पंच व्हावे. बहुतेक आजोबांचा तो पिंडच असतो. आता फोन आला आहे. जिथे तो लागतो त्या चौकीवर मुलाचा किल्ला क्षणात दिसतो. उलट दिशेने चौकीचे चित्र येऊ शकत नाही. ‘पाचव्या मावळ्याला उजव्या बुरुजावर हलव’ हा हुकूम मात्र येऊ शकतो. तेवढ्या हुकमानेही बाप अंगणात हजर होतो. छप्पन नंबरच्या त्या अदृश्य घराला एक खिडकी फुटते.

आणि किल्ला कोणता करावा? माझी शिफारस सुभानमंगळची. हा किल्ला खुद्द शिरवळातच आहे. नीरेच्या काठचा भुईकोट. आज त्याचे थोडके अवशेष तेवढे उरले आहेत. मुलांना तो किल्ला वाटत नाही, कारण त्याला कडा नाही, आणि कड्याविना हळीव पेरायचे कुठे? पण १६४८ साली विजापूरची फौज घेऊन फत्तेखान चालून आला, तेव्हा त्याचा तळ बेलसरला होता आणि त्याचा सरदार बाळाजी हैबतराव सुभानमंगळ घेऊन बसला होता. पुरंदरावरून मावळे उतरले. कावजी मल्हार त्यांत पुढे होते. तटावरून दगडधोंडे येत असताना त्यांनी किल्ला भिडून घेतला, हैबतराव पडला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतली ही एक. परमानंदाच्या ‘शिवभारता’त तिचे वर्णन आहे. महाराजांचे वय तेव्हा अठरा. आज पलटणीत भरती होणाऱ्या पोराचे असते तेवढेच.

मांडायलाही तो सोपा. पोते नको, कडा नको. विटांचा चौकोन, कोपऱ्याला बुरूज, एका अंगाने परात पुरून पाणी सोडले की नीरा. शाळकरी मुलाला एका दुपारचे काम, आणि बापाला ट्रंकेच्या झाकणावर दहा मिनिटांचे. दोन्हीकडे एकच किल्ला मांडता आला पाहिजे, ही यातली गोम आहे. रायगड ट्रंकेवर मावत नाही, सुभानमंगळ मावतो.

फराळाचा डबा पाठवाल तेव्हा त्यात दोन मावळेही घाला. मातीचे असतील तर कापसात, आणि कापूस चिवड्यात. चिवड्याइतका हलका नि दाट भराव टपालखात्याला ठाऊक नसेल. लाडवांच्या डब्यात मात्र घालू नका. धक्क्याने मावळा फुटला नाही तरी लाडवाने फुटेल. पाठवलेले दोन कोणते ते वहीत लिहून ठेवा, कारण रजेवर येताना ते परत यायचे आहेत.

हा परत येण्याचा हिशेब हाच या खेळाचा जीव आहे. डाव संपला की मेलेले आणि जिंकलेले सगळे उठतात, पुसून काड्यापेटीत जातात, आणि पंचवीस नेले तर पंचवीसच भरतात. खऱ्या सैन्याला ही सोय नाही. अपशिंग्याच्या स्मारकातले ४६ कुठल्याही खोक्यात परत आले नाहीत. ज्याला हा फरक रोज दिसतो, त्याला रात्री ट्रंकेच्या झाकणावर एखादी अशी लढाई लागते जिच्यातून सगळे जण घरी जातात. त्याला पोरखेळ म्हणणाऱ्याने म्हणावे. मी म्हणणार नाही.

तेव्हा तुळशीचे लग्न झाल्यावर किल्ला मोडायला घ्याल, तेव्हा खोके माळ्यावर चढवण्यापूर्वी मावळे मोजा. दोन कमी भरतील. ते हरवलेले नाहीत, बदलीवर आहेत.